फोटो एकीकडे, फोटोओळ दुसरीकडे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

महोदय,

दिवाळी सरली की खान्देशातील छापखान्यांचा आणि डीटीपी केंद्रांचा हंगाम सुरू होतो. शाळा-महाविद्यालयांचे वार्षिक अंक, समाजमंडळांच्या परिचय पुस्तिका, यात्रा-उत्सवांच्या स्मरणिका, शेतकरी मेळाव्यांत वाटल्या जाणाऱ्या पीक-पुस्तिका आणि विद्यापीठाला सादर करायचे शोधप्रबंध, हे सारे साहित्य आज प्रथम वर्डमध्ये किंवा तशाच एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होते. अमळनेर येथे अक्षरजुळणीचा व्यवसाय करताना अशा फायली मी रोज उघडतो. त्यांतील शुद्धलेखनाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले आणि लिहिले जाते. मात्र फोटो आणि त्याची फोटोओळ यांची जी ताटातूट या फायलींत होते, तिच्याविषयी कोणी बोलत नाही. फोटो एका पानावर राहतो आणि ओळ पुढच्या पानावर जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे फोटो जागेवर असतो, पण त्याखाली शेजारच्या फोटोची ओळ येऊन बसते.

स्मरणिकेत सत्कारमूर्तींच्या फोटोखाली 'डावीकडून' म्हणून दिलेली नावे भलत्याच फोटोखाली गेली तर गावात चार दिवस हसे होते आणि पुढच्या अंकात दिलगिरीची चौकट छापून प्रकरण मिटते. श्रद्धांजलीच्या पानावर तसे घडले तर ते मिटायला जास्त वेळ लागतो. परंतु पीक-पुस्तिकेत तसे घडले तर त्याची किंमत शेतात मोजावी लागते. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यातील उदाहरण घ्यावे. करपा, म्हणजे सिगाटोका, हा बुरशीमुळे होणारा रोग आहे. त्यात रोगट पाने कापून नष्ट करणे आणि बुरशीनाशकाची फवारणी करणे हा उपाय असतो. कुकुंबर मोझॅक, ज्याला आपले शेतकरी हरण्या म्हणतात, तो विषाणूजन्य असून मावा या रस शोषणाऱ्या किडीमार्फत पसरतो. त्यावर बुरशीनाशकाचा काडीचाही उपयोग होत नाही आणि रोगट झाड उपटून नष्ट करणे हाच मार्ग उरतो. दोन्ही रोगांत सुरुवातीला पानावर पिवळसर रेषा दिसतात, त्यामुळे पुस्तिकेतील फोटोंवरच ओळखीची सारी भिस्त असते. या दोन फोटोंच्या ओळींची अदलाबदल झाली, तर जे झाड त्याच दिवशी उपटायला हवे त्यावर शेतकरी फवारणी करत बसेल आणि तोवर मावा शेजारच्या झाडांवर पोहोचलेला असेल. मजकुरात सर्व माहिती बिनचूक असली तरी बांधावर उभे राहून पुस्तिका उघडणारा माणूस परिच्छेद वाचत नाही, तो फोटो आणि त्याखालची ओळ पाहतो.

हे सारे 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' या एका शब्दात गुंडाळले जाते. तसा निष्काळजीपणा आमच्या व्यवसायात नाही असे मी म्हणणार नाही, पण या विशिष्ट दोषाची मुळे बहुतेक वेळा फाइल आमच्याकडे येण्याच्या आधीच रुजलेली असतात, आणि मराठीत ती इंग्रजीपेक्षा अधिक खोल जातात. त्याचे कारण तांत्रिक आहे आणि ते एकदा समजून घेतले तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

वर्डमध्ये फोटो घातला की तो सहसा 'इन लाइन विथ टेक्स्ट' या पद्धतीने बसतो. याचा अर्थ असा की वर्ड त्या फोटोला ओळीतील एक मोठे अक्षर मानतो. आधीच्या मजकुरात चार ओळी वाढल्या तर फोटो चार ओळी खाली सरकतो, कमी झाल्या तर वर येतो, आणि त्याच्या मागचे-पुढचे शब्द त्याची साथ सोडत नाहीत. ही मुळातली व्यवस्था अतिशय शहाणपणाची आहे. मग लोक ती मोडतात का? मराठी युनिकोड (म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या) मजकुरासाठी विंडोजवर वर्षानुवर्षे मंगल हा फॉन्ट वापरला गेला आणि त्याच्या ओळीची उंची बरीच मोठी असते, कारण वरची वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खालचे उकार, जोडाक्षरे या सर्वांना त्यात जागा दिलेली आहे. पाने वाढू नयेत म्हणून टंकलेखक परिच्छेदाच्या मांडणीत जाऊन ओळींमधील अंतर 'एक्झॅक्टली' या पर्यायावर नेतो आणि तेथे अठरा किंवा वीस पॉइंट असा आकडा टाकतो. आता ओळीची उंची त्या आकड्याइतकीच राहते, मग त्या ओळीत काहीही येवो. फोटो हेही ओळीतील अक्षरच असल्यामुळे त्याचीही फक्त तेवढीच उंची दिसते आणि पाटणादेवीच्या मंदिराचा उत्तम फोटो घातला तरी पडद्यावर त्याची बोटभर पट्टी उरते. आकडा अधिक आवळला तर रफार आणि उकारही छाटले जातात, पण ते प्रूफ वाचताना लक्षात येतात. फोटोची पट्टी मात्र तत्काळ दिसते आणि माणूस घाबरतो.

या टप्प्यावर चूक करण्याचा मोह फार मोठा असतो. फोटोवर क्लिक करून 'रॅप टेक्स्ट'मध्ये 'इन फ्रंट ऑफ टेक्स्ट' निवडले की फोटो क्षणात पूर्ण दिसतो आणि माउसने कुठेही ओढता येतो. टंकलेखकाला प्रश्न सुटल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात त्याने फोटो मजकुरातून बाहेर काढलेला असतो. खरा उपाय एवढाच होता की ज्या परिच्छेदात फोटो आहे त्या एका परिच्छेदापुरते ओळींचे अंतर 'सिंगल' करावे. बाकी सर्व मजकुराला एक्झॅक्टली ठेवले तरी फोटोचे काही बिघडत नाही. ही एक गोष्ट संगणक वर्गांतून आणि टंकलेखनाच्या संस्थांतून आवर्जून शिकवली गेली, तर माझ्या अंदाजाने निम्म्या फायली दुरुस्त होऊन येतील. शासनाच्या टंकलेखन परीक्षेसाठी मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांची गती मिळवण्यात मुले महिनोन्महिने घालवतात, आणि तशी ती घालवायलाही हवीत. पण पुढे पोटापाण्यासाठी त्यांना ज्या फायली कराव्या लागतात त्यांत फोटो नसलेली फाइल आता क्वचितच असते.

मजकुरातून बाहेर काढलेला फोटो तरंगता होतो, पण तो पूर्णपणे मोकळा कधीच नसतो. वर्ड त्याला जवळच्या एखाद्या परिच्छेदाशी बांधून ठेवतो. या बंधाला अँकर म्हणतात आणि फोटो निवडल्यावर समासाजवळ जहाजाच्या नांगराचे छोटे चिन्ह दिसते ते त्याचेच. दाव्याने खुंटीला बांधलेले जनावर दावे पुरेल तिथवर चरते, तसा हा फोटो पानावर कुठेही फिरू शकतो; मात्र खुंटी उपटून दुसरीकडे नेली की त्यालाही जावे लागते. अँकर ज्या परिच्छेदाला आहे तो परिच्छेद पुढच्या पानावर गेला की फोटोही त्याच पानावर उडी मारतो, कारण फोटो नेहमी आपल्या अँकरच्याच पानावर राहतो. तो परिच्छेद कोणी नको म्हणून पूर्ण खोडला, तर त्याच्यासोबत फोटोही नाहीसा होतो आणि मग 'फाइलमधून फोटो आपोआप उडाला' अशी तक्रार येते. आमच्याकडची पोरे अशा वेळी हसत 'फोटो पयी गया' म्हणतात. फोटो पळालेला नसतो, तो ज्याला बांधला होता त्याच्याबरोबर गेलेला असतो. 'बिहाइंड टेक्स्ट' या पर्यायाने मजकुराच्या मागे गेलेला फोटो तर काही वेळा क्लिकलाही दाद देत नाही. तो शोधायचा असेल तर 'होम' टॅबच्या उजव्या टोकाला 'सिलेक्ट'मध्ये 'सिलेक्शन पेन' आहे. तेथे त्या पानावरील सर्व तरंगत्या वस्तूंची यादी मिळते.

अँकर समजला नाही की माणूस एंटर आणि स्पेसबार यांच्या आधाराने पान जुळवू लागतो. फोटोखाली जागा हवी म्हणून आठ-दहा रिकाम्या ओळी, फोटोओळ मध्यभागी यावी म्हणून तीस-चाळीस रिकाम्या जागा. त्या दिवशी, त्या संगणकावर पान सुरेख दिसते. मग मार्गदर्शक प्राध्यापक प्रस्तावनेत एक परिच्छेद वाढवायला सांगतात, किंवा फाइल दुसऱ्या संगणकावर उघडते जेथे तोच फॉन्ट नसतो, आणि त्यापुढची सर्व पाने विस्कटतात. रिकाम्या ओळी फोटोऐवजी दोन वाक्यांच्या मध्ये येतात, फोटो मजकुरावर चढतो आणि फोटोओळ कोणत्या फोटोची हे लेखकाशिवाय कोणालाच सांगता येत नाही. बायंडिंगच्या आदल्या रात्री हे घडते. आदल्याच रात्री का, तर छापील प्रत पाहिल्याशिवाय आपल्याकडे कोणीही अंतिम दुरुस्त्या सांगत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

आता फोटोओळीकडे येतो, कारण खरी गोम तिच्यात आहे. तरंगत्या फोटोवर क्लिक करून 'रेफरन्सेस' टॅबमधील 'इन्सर्ट कॅप्शन' वापरले तर वर्ड ती ओळ एका स्वतंत्र मजकूर-चौकटीत, म्हणजे टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवतो आणि ती चौकटही तरंगती असते. म्हणजे फोटोचा अँकर वेगळा आणि ओळीचा वेगळा. दोघे शेजारी दिसतात, पण त्यांच्यात काहीही नाते नसते. फोटो ओढला तर ओळ मागे राहते. ज्यांना फोटो तरंगताच ठेवायचा आहे त्यांनी कंट्रोल कळ दाबून दोन्ही निवडावेत आणि 'ग्रुप' करावेत; मग ते एकत्र हलतात. परंतु हे करणारे थोडे, आणि केले तरी पुढचा एक अपघात टळत नाही.

तो अपघात आमच्या छपाईच्या रिवाजातून येतो आणि बाहेरच्या लोकांना त्याची कल्पना नसते. जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या गावांत पुस्तकांची अंतिम जुळणी अजूनही अनेक ठिकाणी पेजमेकरमध्ये होते. पेजमेकर हे १९८५ साली अल्डस कंपनीने आणलेले आणि १९९४ पासून अडोबीकडे आलेले सॉफ्टवेअर असून त्याची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ सालची आहे. देवनागरी युनिकोड त्यात चालत नाही. त्यामुळे लेखकाने युनिकोडमध्ये दिलेला मजकूर कन्व्हर्टरमधून काढून श्री-लिपीसारख्या जुन्या सांकेतिक फॉन्टमध्ये (ज्यात रोमन अक्षरांच्या संकेतांवरच मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात) आणावा लागतो आणि त्यासाठी तो आधी साधा मजकूर म्हणून नकलावा लागतो. साधा मजकूर काढताना फोटो गळतात हे सर्वांना माहीत असते. त्यांच्यासोबत टेक्स्ट बॉक्समधल्या सर्व ओळीही गळतात हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. पान जुळवणाऱ्याच्या हाती मजकूर येतो, फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये येतात आणि फोटोओळी येतच नाहीत. मग तो लेखकाची छापील प्रत समोर ठेवून त्या पुन्हा टंकित करतो, तीही विस्कटलेली असेल तर अंदाजाने. केळीच्या करप्याची ओळ हरण्याच्या फोटोखाली जाते ती बहुधा या वाटेने. हीच ओळ मजकुरातील एक साधा परिच्छेद म्हणून लिहिलेली असती, तर ती गळण्याचे काहीच कारण नव्हते.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की जोपर्यंत मजकूर पक्का झालेला नाही तोपर्यंत फोटो ओळीतच ठेवावा आणि फोटोओळ त्याच्या खालच्या परिच्छेदात लिहावी. फोटोसाठी 'चित्र' नावाची एक परिच्छेद-शैली करून ठेवणे सर्वांत उत्तम: ओळींचे अंतर सिंगल, मध्यभागी मांडणी, पहिल्या ओळीची आत सरकवलेली जागा शून्य (ती शून्य न केल्यास मध्यभागी ठेवलेला फोटोही किंचित उजवीकडे कलतो आणि कारण सापडत नाही), आणि परिच्छेदाच्या चौकटीतील 'लाइन अँड पेज ब्रेक्स' या भागात 'कीप विथ नेक्स्ट'वर खूण. या शेवटच्या खुणेचा अर्थ असा की हा परिच्छेद आणि त्याच्या पुढचा परिच्छेद एकाच पानावर राहतील. पानाच्या तळाशी फोटोला जागा आहे पण ओळीला नाही, असे झाले तर वर्ड दोघांनाही पुढच्या पानावर नेतो. सारणीचे शीर्षक मात्र सारणीच्या वर देण्याचा प्रघात आहे, तेव्हा तेथे ही खूण शीर्षकाच्या परिच्छेदाला द्यावी. प्रत्येक वेळी नवा फोटो डकवताना तो ओळीतच यावा, यासाठी 'ऑप्शन्स'मधील 'अ‍ॅडव्हान्स्ड' भागात 'इन्सर्ट/पेस्ट पिक्चर्स अ‍ॅज' असा पर्याय आहे. कोणी तो बदलून ठेवला असेल तर परत मूळपदावर आणावा.

फोटोच्या बाजूने मजकूर वाहायलाच हवा असेल, आणि वार्षिक अंकात तसा आग्रह असतो, तर एक स्तंभ आणि दोन आडवी घरे असलेली साधी सारणी (टेबल) घ्यावी. वरच्या घरात फोटो, खालच्या घरात त्याची ओळ. सारणीच्या कडा अदृश्य कराव्यात आणि सारणीच्या गुणधर्मांत 'अराउंड' निवडावे, म्हणजे मजकूर तिच्या भोवतीने जातो. 'अलाऊ रो टू ब्रेक अ‍ॅक्रॉस पेजेस'वरची खूण काढावी आणि वरच्या घरातील परिच्छेदाला पुन्हा 'कीप विथ नेक्स्ट' द्यावे. फोटो आणि ओळ आता एकाच चौकटीत बंद झालेले असतात, आणि ओळ ही साध्या मजकुरातच असल्यामुळे कन्व्हर्टरसाठी नकलताना ती गळत नाही. ही युक्ती जुनी आहे, दिसायला ओबडधोबड आहे, पण आजवर तिने मला दगा दिलेला नाही. लिब्रेऑफिस रायटर वापरणाऱ्यांना एवढाही खटाटोप पडत नाही: फोटोवर उजवी क्लिक करून 'इन्सर्ट कॅप्शन' दिले की फोटो आणि ओळ दोन्ही एकाच फ्रेममध्ये जातात आणि ती फ्रेमच परिच्छेदाला किंवा अक्षराला बांधली जाते. हे सॉफ्टवेअर मोफत आहे, २०१० पासून उपलब्ध आहे, आणि या एका बाबतीत मला ते वर्डपेक्षा अधिक समंजस वाटते. फक्त तीच फाइल वर्डच्या स्वरूपात साठवून पुढे पाठवली तर फ्रेम कधी कधी हलते, म्हणून पाठवताना सोबत पीडीएफ प्रत जोडावी.

बाजूने मजकूर वाहण्याच्या हौसेबद्दल मात्र थोडे स्पष्ट बोलतो. ए-फोर कागद ८.२७ इंच रुंद असतो. बायंडिंगसाठी डावीकडे दीड इंच आणि उजवीकडे एक इंच समास सोडला की मजकुराला पावणेसहा इंचांच्या आसपास रुंदी उरते. त्यात साडेतीन इंचांचा फोटो ठेवला तर बाजूला दोन इंचांहून थोडी अधिक पट्टी राहते. १४ पॉइंटच्या मराठी अक्षरांत एवढ्या पट्टीत तीन-चार शब्दच बसतात, कारण आपले शब्द प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून लांबत जातात. 'शेतकऱ्यांच्यासाठीसुद्धा' हा एकटा शब्दच जवळजवळ अर्धी ओळ खातो. इंग्रजीत ओळीच्या शेवटी शब्द तोडून हायफन देता येतो, मराठीत तशी सवय वाचकाला नाही आणि लेखकाने ती सोय सुरूही केलेली नसते. त्यात मजकूर दोन्ही कडांना जुळवलेला, म्हणजे 'जस्टिफाय' केलेला असला की शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडे पडतात. पट्टी अरुंद असेल तर मजकूर केवळ डाव्या कडेला जुळवावा, किंवा सरळ 'टॉप अँड बॉटम' निवडून फोटोच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवाव्यात. फोटो पानाच्या मधोमध ठेवून दोन्ही बाजूंनी मजकूर वाहवण्याची जी पद्धत काही अंकांत दिसते, तिने वाचकाला प्रत्येक ओळ फोटोवरून उडी मारून वाचावी लागते. ती कायमची बंद व्हावी असे माझे मत आहे.

फोटोभोवती मजकूर वाहवण्याच्या 'स्क्वेअर' (चौकोनी) आणि 'टाइट' (चित्राच्या आकाराला धरून) या दोन पर्यायांतील फरकावर पुष्कळ वेळ वाया जातो. चौकोनी फोटोसाठी दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच असतो. पार्श्वभूमी कापून काढलेला केळीचा घड किंवा कपाशीचे बोंड अशा वेड्यावाकड्या आकाराच्या चित्रालाच टाइटचा उपयोग होतो. लक्ष द्यायला हवे ते वेगळ्या गोष्टीकडे. वर्ड फोटोच्या डाव्या-उजव्या बाजूंना ०.१३ इंच जागा सोडतो आणि वर-खाली शून्य. इंग्रजीला हे चालून जाते; आपल्या ओळींचे खालचे उकार फोटोच्या वरच्या कडेला आणि वरच्या वेलांट्या त्याच्या खालच्या कडेला टेकतात. 'मोअर लेआउट ऑप्शन्स'मध्ये जाऊन वर-खालीही तेवढीच जागा द्यावी.

शोधप्रबंध करणाऱ्यांसाठी क्रमांकांचा प्रश्न सर्वांत जाचक असतो. पारोळ्याच्या किल्ल्यावर किंवा कानबाईच्या उत्सवावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात साठ-सत्तर फोटो सहज असतात. क्रमांक हाताने टाकलेले असतील आणि मार्गदर्शकांनी नवव्या फोटोनंतर एक नवा घालायला सांगितला, तर दहापासून पुढचे सर्व क्रमांक, मजकुरातील त्यांचे सर्व उल्लेख आणि सुरुवातीची चित्रसूची इतके सारे बदलावे लागते. फोटो ओळीतच ठेवला असेल तर 'इन्सर्ट कॅप्शन'ची ओळ साध्या परिच्छेदातच येते, आणि तिच्यातील क्रमांक हे एक फील्ड, म्हणजे वर्डने स्वतः भरायची जागा, असते. 'न्यू लेबल' दाबून 'चित्र' किंवा 'आकृती' असे मराठी लेबल एकदाच करावे लागते आणि पुढचे क्रमांक वर्ड स्वतः मोजतो. मजकुरातील उल्लेखही 'क्रॉस-रेफरन्स'ने द्यावेत. शेवटी कंट्रोल आणि ए दाबून सर्व निवडावे आणि एफ-९ दाबावे, की सूचीसह सगळे क्रमांक अद्ययावत होतात. 'नंबरिंग'च्या यादीत देवनागरी आकडे दिसत असतील तर ते घ्यावेत. दिसत नसतील तर इंग्रजी वळणाचे आकडे (1, 2, 3) पत्करावेत, पण देवनागरीच्या हट्टापायी हाताने क्रमांक टाकू नयेत. जुन्या सांकेतिक फॉन्टमध्ये टंकित केलेले लेबल या चौकटींमध्ये निरर्थक रोमन अक्षरे होऊन दिसते, म्हणून प्रबंध तरी पहिल्या पानापासून युनिकोडमध्येच असावा. आणि 'वरील चित्रात', 'खालील छायाचित्रात', 'शेजारच्या फोटोत' असे शब्द लिहिणे लेखकांनी सोडावे. फोटो पुढच्या पानावर गेला की ते वाक्य खोटे पडते, 'चित्र १२ पाहा' हे कोठेही खरेच राहते.

या सर्व बाबी कळ दाबण्याच्या आहेत आणि एका दुपारात शिकता येतात. जी शिकवता येत नाही ती म्हणजे फोटोओळ वेळेवर लिहिण्याची वृत्ती. संस्था, मंडळे आणि लेखक मजकूर देतात, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि ओळींबद्दल 'त्या नंतर सांगतो' म्हणतात. नंतर म्हणजे प्रूफाच्या वेळी, फोनवर, घाईत. ज्याने मेळाव्यात फोटो काढला त्याला त्यातील माणसे ठाऊक असतात, ज्या कृषी पदवीधराने पान तोडून आणले त्याला रोग ठाऊक असतो. आम्हा अक्षरजुळणी करणाऱ्यांना दोन्ही ठाऊक नसते आणि ते ठाऊक असावे अशी अपेक्षाही गैर आहे. पीक-पुस्तिकांच्या बाबतीत तर मी म्हणेन की अंतिम पीडीएफमधील प्रत्येक फोटो आणि त्याची ओळ ही जोडी विषयतज्ज्ञाने स्वतः पाहून सही केल्याशिवाय छपाईचा आदेश निघू नये. मजकुराचे प्रूफ तपासले जाते, जोड्यांचे तपासले जात नाही. ज्या महाविद्यालयांत प्रबंधासाठी तयार नमुना फाइल अजून दिली जात नाही, तेथे वर सांगितलेली 'चित्र' शैली आणि मराठी लेबल घातलेली एक फाइल संशोधक विद्यार्थ्यांना नोंदणीच्या वेळीच द्यावी. तिला खर्च काहीच नाही.

आपल्या दैनिकाकडूनही एक अपेक्षा आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील वाचक, शिक्षक आणि कार्यकर्ते आपल्याला लेख पाठवतात, ते बहुधा वर्डच्या फाइलमध्ये फोटो चिकटवूनच. तशा फाइलमधून फोटो सुटे काढायचे झाले तर फाइलच्या नावाच्या शेवटचे 'डॉक्स' (.docx) बदलून 'झिप' (.zip) करणे आणि आतील 'मीडिया' फोल्डर उघडणे ही वाट आहे, पण वर्डच्या अनेक आवृत्त्या फाइल साठवताना फोटो २२० पीपीआयपर्यंत (इंचामागे २२० ठिपके) आटवतात आणि त्या फोल्डरमधील फोटोंची नावे 'इमेज १', 'इमेज २' अशीच असतात, त्यांवरून कोणाची ओळ कोणती हे कळत नाही. तेव्हा लेख मागवण्याच्या आपल्या सूचनांमध्ये एवढे छापावे: मजकूर युनिकोडमध्ये आणि फोटोविना असावा, मूळ फोटो वेगळे जोडावेत, प्रत्येक फोटोच्या फाइलला क्रमांक द्यावा आणि लेखाच्या शेवटी त्याच क्रमांकांनी फोटोओळी लिहाव्यात, व्यक्तींची नावे असतील तर डावीकडून उजवीकडे. फोटो लेखात कोठे यावा हे सांगायचे असेल तर त्या परिच्छेदानंतर स्वतंत्र ओळीत 'येथे फोटो ३' असे लिहिणे पुरे आहे.

आपला नम्र,
एक अक्षरजुळणी व्यावसायिक,
अमळनेर, जि. जळगाव